बैलाची पावती आणि गाडीचे कागद

पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील. रविवारची सकाळ होती. माझा पुतण्या नांदेडला राहतो. तो लातूरला यायचा तर एस.टी.ने येतो, आणि अहमदपूर आले की फोन करून 'काकूंना म्हणावं, पिठलं टाका' असे सांगतो. त्या दिवशी फोन नाही, काही नाही. दारात एकदम हॉर्न वाजला. बाहेर येऊन पाहतो तो फाटकाशी पांढरी मोटार उभी. बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे, पुढे लिंबू-मिरची आणि पुतण्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. गाडी जुनी होती, पण धुऊनपुसून लख्ख ठेवलेली. त्याची पाच वर्षांची मुलगी मागच्या सीटवरून खाली उतरायलाच तयार नव्हती. 'ही आपली गाडी आहे,' असे तिने मला आतूनच बजावले.

मी पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ज्या प्रश्नामुळे आमच्या घरात मी अधूनमधून नकोसा होतो तो प्रश्न विचारला, 'कागद?'

'काका, माणूस ओळखीचा आहे.'

मी साडेतीन तपे बँकेत काढली. त्या काळात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की ते कानावर पडताच माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. पुतण्याने प्लास्टिकची एक पिशवी आणून दिली. त्यात गाडीच्या नोंदणीचे कार्ड होते, त्यावर तिसऱ्याच गृहस्थाचे नाव. पुतण्याला गाडी विकणारा 'ओळखीचा माणूस' हा त्या गृहस्थानंतरचा. त्याचे नाव कार्डावर कधी चढलेच नव्हते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीच्या शिक्क्यासह एक विक्री करार होता. 'टीटी फॉर्म' म्हणतात ते हस्तांतराचे अर्ज होते, त्यांवर मूळ मालकाच्या सह्या होत्या आणि तारखेची जागा कोरी. विमा संपायला तीन महिने होते आणि तोही पहिल्याच मालकाच्या नावावर.

'नावावर कधी करणार?' मी विचारले.

'करू की. काय घाई आहे? बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली, काका.'

बायकोने आतून माझ्याकडे असे पाहिले, की मी पुढचा शब्द पेढ्याबरोबर गिळला. पण त्या चाळीस हजारांचा विचार काही मनातून जाईना. बाजारात कोणी कोणाला चाळीस हजार उगाच सोडत नाही. ते कशाची तरी किंमत असतात. इथे ती न केलेल्या कागदांची होती.

माझ्या वडिलांची अक्षराशी ओळख सहीपुरतीच. साधारण सत्तर सालची गोष्ट असेल. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात ते बैलजोडी घ्यायला निघाले आणि मी हट्ट करून बरोबर गेलो. आमचा मुलूख बैलांचा. देवणी आणि लाल कंधारी या जातींना नावे मिळाली तीच आमच्या गावांवरून. एकीला लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून, दुसरीला नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून. वडिलांनी एक देवणी जोडी हेरली. दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिली, बसवून उठवली. मग हेड्याने रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटांची भाषा सुरू झाली. सौदा ठरला. बोलता बोलता विकणारा वडिलांच्या आत्याच्या गावचा निघाला. चहा झाला, पाहुणेपण निघाले. आणि एवढे सगळे झाल्यावर वडील म्हणाले, 'चला, पावती फाडू.'

बाजाराचा कारकून झाडाखाली बसला होता. त्याने दोघांची नावे लिहिली, गावे लिहिली, बैलांचा रंग लिहिला, शिंगांचा घाट लिहिला, एकाच्या कपाळावरचा काळा ठिपकासुद्धा लिहिला. परत येताना मी विचारले, 'तो तर आपल्या पाहुण्यातला. मग पावती कशाला?' वडील म्हणाले, 'ती त्याच्यासाठी न्हाई. वाटंत कुणी इचारलं, बैल कुणाचे, तर सांगाया.'

या वाक्याचा अर्थ मला कळायला पुढे पंचवीस वर्षे लागली, आणि त्यासाठी दोन गाड्या खर्ची पडल्या. त्यांतली एक दुसऱ्याची होती, एक माझी.

दुसऱ्याची आधी सांगतो. नव्वदीच्या दशकात मी नांदेडच्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. आमच्या एका कर्जदाराने जीप घेतली होती. वर्षभर हप्ते आले, मग बंद झाले. नोटिसा गेल्या, त्या 'घेणारा गावी नाही' असा शेरा घेऊन परत आल्या. शेवटी जीप सापडली ती मुखेडच्या बाजूला, एका पंचविशीतल्या पोराकडे. तो तिच्यातून वडाप करीत होता. जीप त्याने रोख पैसे देऊन घेतली होती. ते पैसे उभे करायला आईच्या पाटल्या आणि एक म्हैस विकली होती. त्याच्याकडे मुद्रांकावरचा करार होता, नोटरीचा लाल शिक्का होता, दोन साक्षीदार होते. मोटारीचे नोंदणीपुस्तकही होते. त्या पुस्तकात आमच्या बँकेचे नाव आणि कर्जाच्या बोजाची नोंद स्पष्ट होती. पण पुस्तक इंग्रजीत. पोरगा सातवीपर्यंत शिकलेला. विकणाऱ्याला त्याने विचारले होते, 'हे काय लिहिलंय?' विकणाऱ्याने सांगितले होते, 'ते कंपनीचं नाव आहे.'

'साहेब, मी कुणाचा रुपया बुडवला न्हाई,' तो म्हणाला. खरेच होते ते. बुडवणारा दुसराच होता आणि तो परागंदा झाला होता. पण कायद्याचे एक जुने सूत्र आहे आणि १९३० च्या मालविक्री कायद्यातही ते आहे, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच तो विकू शकतो, त्याहून जास्त नाही. जीपवर बँकेचा बोजा होता. तो बोज्यासकटच विकली गेली होती. बाकी भरण्याची ऐपत त्या पोरात नव्हती. आम्ही जीप ताब्यात घेतली. काचेमागे लावलेला माळेगावच्या खंडोबाचा फोटो त्याने हलक्या हाताने सोडवून घेतला, शर्टाला पुसला आणि किल्ली टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिली. मी नियमाने वागलो होतो. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, बँकेतली कितीतरी माणसे त्यांत आली. त्या पोरावर मात्र मला आजवर एक ओळ लिहिता आलेली नाही.

आता माझी गाडी. ती गाडी म्हणजे स्कूटर. १९९४ मध्ये माझी नांदेडहून लातूरला बदली झाली. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला. लातुरात त्या दिवसांत सगळ्यांनाच कामाचा डोंगर होता. निघायच्या गडबडीत मी स्कूटर एका सहकाऱ्याच्या ओळखीच्या माणसाला विकली. पैसे मोजून घेतले, फॉर्मवर सह्या केल्या, तारखेची जागा त्याच्या सोयीसाठी कोरी ठेवली आणि विसरून गेलो. दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रे उलटीसुलटी करून तपासणारा मी! स्वतःच्या बाबतीत मात्र 'माणूस ओळखीचा आहे' एवढ्यावर भागवले.

तीन वर्षांनी एक हवालदार माझे नाव विचारीत बँकेच्या काउंटरवर आला. एका तालुक्याच्या गावी आठवडी बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्या बाईला स्कूटरने उडवले होते. चालवणारा स्कूटर टाकून पळाला होता. विमा कधीच संपलेला. मधल्या काळात स्कूटर किती हातांतून गेली ते कोणालाच सांगता येईना. दफ्तरात मालकाचे नाव एकच, ते माझे.

मोटार अपघात दाव्याच्या तारखेला मी गेलो. वकिलाने सांगितल्याप्रमाणे 'मी गाडी विकली आहे, माझा काही संबंध नाही' हे पाठ करून गेलो होतो. बाहेर बाकावर ती बाई बसली होती. पायात सळई घातलेली, बाजूला काठी. मी कोण ते तिला कोणीतरी सांगितले. तिने मला जवळ बोलावले आणि शांतपणे विचारले, 'बाबा, गाडी तुजी हाय का न्हाई, येवढंच सांग.'

मला उत्तर देता आले नाही. 'नाही' म्हणावे तर दफ्तर खोटे ठरते. 'हो' म्हणावे तर मी तीन वर्षांत ती स्कूटर पाहिलीसुद्धा नव्हती. त्या क्षणी मला हंडरगुळीच्या वाटेवरचे वडील आठवले. वाटेत कोणी विचारले तर सांगायला हवे म्हणून ते पावती फाडत होते. मला वाटेत विचारणारी भेटली होती आणि माझ्याकडे पावती नव्हती. भरपाई मी भरली, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. ती मला भरावीच लागली.

इथेच या लेखात मला म्हणायचे आहे ते आले. गाडीचे कागद हा घेणारा आणि देणारा या दोघांतला मामला आहे, अशी आपली समजूत आहे. म्हणून दोघांचा एकमेकांवर विश्वास असला की कागद नकोसे वाटतात, आणि मागितले तर अपमान वाटतो. पण ते कागद त्या दोघांसाठी नसतातच मुळी. ते असतात तिसऱ्यासाठी. बाजारातून परतणाऱ्या म्हातारीसाठी, कर्ज देणाऱ्यासाठी, मागे राहणाऱ्या बायकामुलांसाठी. त्या तिसऱ्याने आपल्या ओळखीच्या माणसाला कधी पाहिलेले नसते. त्याला एवढेच कळायला हवे असते, की ही वस्तू कोणाची आणि जबाबदार कोण.

आपला कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालकाची व्याख्या केली आहे ती ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो, अशी. तुम्ही पैसे दिले, किल्ली घेतली, करार केला. तुमच्या दोघांपुरती गाडी तुमची झालीही असेल. पण रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीने मालक तो, ज्याचे नाव दफ्तरात आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी एकामागून एक अशा अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. २००९ मध्ये त्या गाडीने एका मुलाचा जीव घेतला. उच्च न्यायालयाने पहिल्या मालकाला मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी पुन्हा त्याच्यावर टाकली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की नोंद न झालेल्या विक्रींची साखळी शोधत फिरण्याचे ओझे अपघातात पोळलेल्या माणसावर टाकता येणार नाही. हा निकाल वाचताना मला ती काठी दिसत होती.

हे झाले विकणाऱ्याचे. विकत घेणाराही यातून सुटत नाही. विमा पहिल्याच्या नावावर राहिला तर तिसऱ्याच्या नुकसानीपुरता तो नव्या मालकाला लागू पडतो. पण तुमची स्वतःची गाडी चेपली, जळली, चोरीला गेली, तर त्याची भरपाई विमा नावावर करून घेतल्याशिवाय हक्काने मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. म्हणजे चाळीस हजार वाचवणारा माणूस चार लाखांची गाडी देवाच्या भरवशावर रस्त्यावर आणतो.

आणि नावावर करणे हे काही शिवधनुष्य नाही. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने 'मी गाडी विकली' असे कळवणे, फॉर्म ३० म्हणजे घेणाऱ्याने 'आता ती माझ्या नावावर करा' असे मागणे. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याला १४ दिवसांची मुदत आहे, घेणाऱ्याला ३० दिवसांची. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ लागतो. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ वर आधी वारसाचे नाव चढवावे लागते. चार कागद आहेत, त्यात गूढ काही नाही.

मग माणसे हे का करीत नाहीत? आम्ही मराठवाड्यातली माणसे कागदाला कमी लेखणारी नव्हेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. पुष्कळ घरांतल्या लोखंडी पेट्यांत अजून उर्दूतले कागद आहेत. ते वाचणारा घरात कोणी उरला नाही, तरी ते टाकून द्यायची कोणाची छाती होत नाही. कब्जा वेगळा आणि नाव वेगळे, हे कूळकायद्याच्या काळात आमच्या आजोबांनी तहसिलीच्या पायऱ्या झिजवून शिकून घेतले. आजही अर्धा एकर घेतला तरी सातबाऱ्यावर फेरफार ओढल्याशिवाय आम्हाला झोप लागत नाही. तोच माणूस चार लाखांची मोटार मात्र दुसऱ्याच्या नावावर निर्धास्तपणे हिंडवतो. कारण जमीन राहणार आहे आणि गाडी जाणार आहे, असा त्याचा हिशेब असतो. 'दोन वर्षांनी विकायचीच आहे, कशाला खर्चात पडा?' जो पुढे विकत घेणार, तोही असेच म्हणणार. अशी गाडी पाचव्या घरी पोचते तेव्हा दफ्तरातला मालक कुठे आहे, आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नसते.

आमच्या भागात यात आणखी एक गुंता आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादची माणसे तेलंगणात बाजारहाट करतात. उदगीर, निलंग्याची बिदरला जातात. गाड्याही तशाच इकडून तिकडे येतात. परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथली नोंदणी करून इथला कर भरला पाहिजे. तो कर वाचवायला माणसे तिकडच्याच नंबरावर वर्षानुवर्षे गाडी चालवतात आणि प्रत्येक नाक्यावर जीव मुठीत धरतात. सुख विकत घ्यायला गेले आणि धाकधूक घेऊन आले, असा हा प्रकार.

दोष फक्त माणसांचा आहे असेही मी म्हणणार नाही. सरकारी कार्यालयात एका सहीसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या, की शहाणासुरता माणूसही मध्यस्थाच्या टपरीकडे वळतो. कर्ज फिटल्यावर बँकेने आपणहून बोजा उतरवून द्यावा असे मला नोकरीत असतानाही वाटे. पण आम्हीही 'अर्ज आला तर पाहू' म्हणत बसून राहायचो. त्या मुखेडच्या पोराच्या हातात मराठीतले पुस्तक असते तर त्याच्या आईच्या पाटल्या वाचल्या असत्या. पूर्वीपेक्षा आज एक बरे आहे. केंद्राच्या 'वाहन' या नोंदवहीत गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा घरबसल्या पाहता येतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही नियम लागू झाले आहेत. अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेऊन तसे रीतसर कळवले, की पुढची विक्री होईपर्यंत मालकाची जबाबदारी त्याची.

त्या रविवारी जेवणे झाल्यावर मी पुतण्याला एवढेच म्हणालो, 'नंबर सांग.' त्याच्याच मोबाइलवर आम्ही पाहिले. गाडीवर बोजा दिसत होता. त्याने लगेच विकणाऱ्याला फोन लावला. 'कर्ज कधीच फिटलंय हो, तेवढं बँकेतून उतरवायचं राहिलंय,' तो म्हणाला. 'मग मूळ मालकांना भेटून घेऊ,' पुतण्या म्हणाला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललेच नाही. मग उत्तर आले, 'ते दोन वर्षांपूर्वी वारले.'

पुतण्याने प्लास्टिकच्या पिशवीतले ते फॉर्म पुन्हा काढून पाहिले. सही निळ्या शाईची, नीटस होती. तारखेची जागा कोरी. मेलेल्या माणसाच्या सहीखाली आता आपल्या हाताने आजची तारीख घालायची, हे त्याच्या लक्षात आले आणि तो काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पुढच्या शनिवारी मी नांदेडला गेलो आणि आम्ही दोघे त्या घरी गेलो. बाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले. गाडी अजून आपल्या यजमानांच्या नावावर आहे हे त्यांना सांगावे कसे, या विचाराने मी शब्द जुळवत होतो. पण त्यांनीच विचारले, 'परवा गाडी लातूरकडं गेली होती का?' आम्ही दोघे पाहतच राहिलो. त्यांनी फळीवरचा एक जुना मोबाइल काढून दाखवला. यजमानांचा फोन त्यांनी चालू ठेवला होता. गाडीने कुठे वेग मोडला, कुठे सिग्नल मोडला, की दंडाचा संदेश त्या फोनवर येई. 'सुरुवातीला फार भीती वाटायची,' त्या म्हणाल्या. 'पोलीस येतील की काय असं वाटायचं. मग सवय झाली. संदेश आला की वाटायचं, हे अजून कुठंतरी गाडी घेऊन फिरतायत.'

चाळीस हजारांची किंमत कोण मोजत होते ते त्या खोलीत आम्हाला कळले. पुतण्याने मान वर केली नाही.

मग आम्ही रीतसर मार्गाने गेलो. विकणारा आधी रुसला, मग यायला लागला. माणूस वाईट नव्हता, आपल्यासारखाच होता. बँकेचा दाखला मिळाला, बोजा उतरला, फॉर्म ३१ वर बाईंचे नाव चढले, त्यांच्या सहीने २९ आणि ३० झाले. त्यांची सही होताना त्यांनीच तारीख विचारून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिली. जुने दंड पुतण्याने विकणाऱ्याबरोबर निम्मे निम्मे भरले. एकूण अडीच महिने आणि बऱ्याच खेपा गेल्या, आणि चाळीस हजारांतले बरेचसे खर्ची पडले.

परवा त्याचा फोन आला, 'काका, कार्ड आलं. नाव बरोबर आहे. फक्त बाबांच्या नावात वेलांटी चुकली आहे.'

'मग दुरुस्तीचा अर्ज दे,' मी म्हणालो.

'देतो,' तो म्हणाला, आणि हसला. 'आज मुलीनं विचारलं, गाडी कुणाची? म्हटलं, आता आपली.'